पावडर कोटिंगखालचा गंज आणि ‘पर्यावरणपूरक नॅनो’ रसायने : भोसरीतील एका अनुभवावरून काही प्रश्न

लोखंडकाम (भोसरी)

नमस्कार मंडळी. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझे पावडर कोटिंगचे, म्हणजे कोरडी रंगपूड फवारून भट्टीत भाजून बसवण्याचे, लहान युनिट आहे. जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, सोसायट्यांची फाटके आणि विजेच्या पॅनेलचे पत्रे असा माल आमच्याकडे येतो. गेली वीस वर्षे आम्ही ‘सेव्हन टँक’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत वापरत आलो: तेल काढणे, धुणे, आम्लात गंज उतरवणे, धुणे, फॉस्फेटिंग (पत्र्यावर फॉस्फेटचा थर बसवणे), धुणे आणि शेवटी क्रोमच्या पातळ द्रावणात पॅसिव्हेशन (गंज रोखणारा शेवटचा हात). फॉस्फेटची टाकी पन्नास अंशांच्या आसपास तापवावी लागते, तिच्या तळाशी गाळ साचतो आणि तो धोकादायक कचरा म्हणून वेगळा पाठवावा लागतो. क्रोमच्या टाकीवर काम करणाऱ्या दोन मुलांच्या हातांना जखमा झाल्या, तेव्हाच ती टाकी बंद करायची हे मी मनाशी ठरवले होते.

गेल्या वर्षी एका विक्रेत्याने ‘नॅनो सिरॅमिक’ नावाचे द्रावण आणून दिले. टाकी तापवायला नको, गाळ जवळजवळ नाही, फॉस्फेट नाही, क्रोम नाही, आणि संपूर्णपणे पर्यावरणपूरक, असे त्याने सांगितले. मी आनंदाने एक लाइन बदलली. एप्रिलमध्ये एका सोसायटीचे सगळे कठडे त्या पद्धतीने करून दिले. पावसाळा सरता सरता तिथून बोलावणे आले. वेल्डच्या जागी आणि चौकोनी पाइपांच्या कडांना पावडरच्या थराखाली दोऱ्यासारख्या बारीक रेषा धावल्या होत्या. नखाने उचलले तर पावडरचा पापुद्रा निघून येत होता आणि खाली तांबूस गंज होता. सगळा माल मी स्वखर्चाने पुन्हा करून दिला. त्या पैशांपेक्षा मला अधिक टोचते ते हे की माझ्या टाकीत नेमके काय आहे, हे मला माहीत नव्हते आणि मी ते ग्राहकाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकत होतो.

म्हणून जाणकारांना विचारतो. हे नॅनो म्हणजे काय? ते गंज कसा थांबवते? पर्यावरणपूरक म्हणतात ते खरे आहे का? आणि माझे कुठे चुकले?

पृष्ठभाग (पाषाण)

धागाकर्त्यांनी आपली चूक मोकळेपणाने मांडली याबद्दल आधी त्यांचे आभार. मी पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रात बरीच वर्षे काम केले आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

लोखंड गंजते म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरते, शेजारच्या दुसऱ्या जागी हवेतील ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनवतो, आणि या दोन जागांना जोडणारे काम पाण्याचा पातळ थर करतो. त्या पाण्यात क्षार जितके अधिक, तितका हा घट जोमाने चालतो. पावडरचा ६० ते ८० मायक्रोमीटरचा थर पाणी आणि ऑक्सिजन यांना रोखतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो त्यांना फक्त उशीर लावतो. पावसाळाभर ओल टिकली की थोडे पाणी आत पोहोचतेच. मग निर्णायक ठरते ती एकच गोष्ट: पावडर धातूला किती घट्ट धरून आहे. ती पकड देण्यासाठीच फॉस्फेटिंग असते.

तुमच्या टाकीतले द्रावण बहुधा हेक्साफ्लुओरोझिर्कोनिक आम्लाचे असावे. या नावाखाली बाजारात सहसा तेच मिळते. पत्रा बुडवला की आम्ल लोखंडाचा अगदी वरचा थर खाते. त्या क्रियेत पत्र्यालगतच्या पाण्याची आम्लता कमी होते, आणि ती कमी होताच विरघळलेले झिर्कोनियम ऑक्साइडच्या रूपाने तिथल्या तिथे पत्र्यावर बसते. या थराची जाडी साधारण २० ते १०० नॅनोमीटर असते. झिंक फॉस्फेटचा स्फटिकी थर १ ते ३ मायक्रोमीटर, म्हणजे १,००० ते ३,००० नॅनोमीटर जाड असतो. येथे ‘नॅनो’ हा शब्द थराच्या जाडीला लागू आहे. त्या टाकीत सुटे नॅनोकण तरंगत असतात असा त्याचा अर्थ नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पर्यावरणाचे बहुतेक प्रश्न सुट्या कणांशी निगडित आहेत.

फॉस्फेटचा जाड, खडबडीत थर पुष्कळ चुका पोटात घालतो. थोडे तेल राहिले, धुण्यात कसर राहिली, तरी तो निभावून नेतो. पन्नास नॅनोमीटरच्या थराला तशी सवलत परवडत नाही. वेल्डजवळ राहिलेली काजळी, पत्र्याचा निळसर कठीण पापुद्रा किंवा पाइपाच्या पोकळीतून पाझरत राहणारे आम्ल, यांतले काहीही असेल तर त्या जागी थर बसतच नाही. तुमच्या दोऱ्यासारख्या रेषा वेल्ड आणि कडा यांच्यापासूनच सुरू झाल्या, यात मला आश्चर्य वाटत नाही.

क्रोमची टाकी बंद करण्याचा तुमचा निर्णय मात्र पूर्णपणे योग्य आहे. षट्संयुजी क्रोमियम, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘हेक्सा क्रोम’ म्हणतात, ते माणसात कर्करोग घडवते हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक चालत नाही आणि आपल्या ई-कचरा नियमांतही तीच मर्यादा आहे. तमिळनाडूतील रानीपेट येथे बंद पडलेल्या एका क्रोमेट कारखान्याच्या आवारात लाखाहून अधिक टन क्रोमयुक्त कचरा पडून राहिला आणि त्याने तिथले भूजल नासवले. आपली लहान टाकी त्या कचऱ्याच्याच जातीची आहे.

पेंटशॉप (चाकण)

मी मोटारींच्या रंगकामाच्या विभागात काम करतो. पृष्ठभाग यांनी लिहिलेल्या रसायनावर आमची लाइन काही वर्षांपासून चालते आणि ती उत्तम चालते. त्यामुळे द्रावणालाच दोष देऊ नये असे मला वाटते. पण त्यासोबत आम्ही काय काय बदलले ते सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. झिर्कोनियमच्या टाकीआधीचे आणि नंतरचे शेवटचे धुणे आम्ही क्षार काढलेल्या पाण्याने करतो. पत्र्यावरून ठिबकणाऱ्या पाण्याची वाहकता ३० ते ५० मायक्रोसीमेन्सच्या आत राहिली पाहिजे. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड त्या थराखाली अडकले की ते गंजाचे बीज होते, आणि वरून कितीही चांगली पावडर मारली तरी ते ओल ओढत राहते. पावडरखाली फोड येतात ते याच ओढीमुळे.

दुसरी गोष्ट वेळेची. झिर्कोनियमच्या टाकीतून निघालेला पत्रा लगेच धुऊन लगेच वाळवावा लागतो. वाटेत पंधरा-वीस मिनिटे थांबला तर त्यावर पिवळट गंजाची झाक येते. फॉस्फेट केलेला माल दुपारच्या सुट्टीत टांगून ठेवला तरी चालायचा; इथे ती सवय मोडावी लागली आणि खरे सांगायचे तर कामगारांना सर्वांत अवघड तेच गेले.

तिसरी गोष्ट म्हणजे टाकीची आम्लता, मोकळे फ्लुओराइड आणि विरघळलेले लोह यांची रोजची मोजणी. फॉस्फेटचा थर बसला की पत्रा राखाडी दिसतो, त्यामुळे डोळ्यांना लगेच कळते. हा थर जवळजवळ अदृश्य असतो, प्रकाशात धरला तर फिकट निळी किंवा सोनेरी छटा दिसते एवढेच. म्हणून डोळ्यांवर विसंबता येत नाही.

धागाकर्त्यांना एकच विचारतो: आपले शेवटचे धुणे कोणत्या पाण्याचे होते?

लोखंडकाम (भोसरी)

बोअरच्याच पाण्याचे. आपला प्रतिसाद वाचून आज मीटर मागवून मोजले. वाहकता १,१०० मायक्रोसीमेन्स निघाली. विक्रेत्याने पाण्याबद्दल एक अक्षरही विचारले नव्हते आणि मीही त्याला विचारले नाही.

नदीकाठ (दापोडी)

मी विज्ञानाची निवृत्त शिक्षिका आहे. दापोडीला पवना मुळेला मिळते, तो संगम माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि त्या पाण्यावर पसरलेला फेस मी बरीच वर्षे पाहत आले आहे. त्यामुळे माझे प्रश्न थोडे वेगळ्या बाजूने आहेत.

झिर्कोनियमच्या थराबाबतचा खुलासा पटला. परंतु बाजारात ‘नॅनो’ नावाने जे रंग आणि प्रायमर मिळतात, त्यांत खरोखरच सुटे कण मिसळलेले असतात. नॅनो झिंक ऑक्साइड पाण्यात हळूहळू विरघळते आणि त्यातून सुटणारे जस्ताचे आयन शेवाळ व पाणपिसू यांसारख्या सूक्ष्म जिवांना घातक असतात. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासावाटे जाणे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा गटात ठेवले आहे. बहुभित्ती कार्बन नॅनोनळ्यांच्या एका प्रकाराला २०१४ साली त्याच गटात घातले गेले. एवढ्या लहान नळ्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारख्या वागतील का, ही शंका संशोधकांना उगाच आलेली नाही.

रंग वाळल्यावर कण त्यात बांधले जातात, हे मला मान्य आहे. पण दहा वर्षांनी तेच फाटक पुन्हा रंगवायला येते, तेव्हा ते ग्राइंडरने घासणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून ती धूळ श्वासात घेत असतो. त्याला तो रंग नॅनो होता की साधा, हे कोणी सांगत नाही. पर्यावरणपूरक हा शब्द वापरताना त्या माणसाचा हिशेब कोणी धरतो का?

पृष्ठभाग (पाषाण)

ताई, आपला प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे.

रंगाच्या थरातून झिजून बाहेर पडणाऱ्या धुळीत मोकळे नॅनोकण कमी आणि राळेत अडकलेल्या कणांचे तुकडे अधिक असतात, असे आजवरच्या अभ्यासांतून साधारणपणे दिसते. त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. सर्वांत अधिक धोका रंग बनवताना कोरडी नॅनो पूड हाताळणाऱ्याला असतो. म्हणून ती पूड कोरडी न आणता आधीच पाण्यात मिसळलेल्या रूपात आणावी, हा साधा उपाय कारखान्यांनी स्वीकारायला हवा. घासकाम करणाऱ्याला तर चांगल्या प्रतीचा श्वसनमुखवटा हवाच, आणि तो साध्या रंगालाही हवा.

नॅनोकण वेगळे का वागतात, हे एका आकडेमोडीवरून पाहू. सिलिकाचे १० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण घेतले तर एका ग्रॅमचे एकूण पृष्ठफळ सुमारे २७० चौरस मीटर भरते. बॅडमिंटनची तीन मैदाने त्याने झाकून निघतील. (या खेळाचे एक जुने नावच ‘पूना’ असल्याने हे माप पुणेकरांना जवळचे वाटावे.) एवढा पृष्ठभाग राळेशी बांधला गेला की थर घट्ट होतो आणि पाण्याची वाट वळणावळणाची होते. तोच पृष्ठभाग नदीत किंवा फुप्फुसात मोकळा सुटला की तितक्याच तत्परतेने तिथल्या गोष्टींशी क्रिया करतो. उपयोग आणि अपाय दोन्हींचे मूळ एकच आहे, त्यामुळे कण कशाचा आहे आणि तो कुठे जाणार आहे, हे दोन्ही विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

प्रयोगवही (पुणे)

मी याच विषयावर पीएच.डी. करते आहे. प्रयोगशाळांतून सध्या काय चालले आहे, ते थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न करते.

क्रोमेटला पर्याय शोधणे इतके अवघड का ठरले, हे आधी समजून घ्यावे लागते. क्रोमेटच्या थरात थोडे विरघळणारे षट्संयुजी क्रोमियम शिल्लक असते. थरावर ओरखडा पडला की ते ओलीतून त्या जागी सरकते, तिथे त्रिसंयुजी रूपात बदलून न विरघळणारा थर बनवते आणि ओरखडा बुजवते. जखम स्वतःच भरून काढण्याचा हा गुण ज्या विषारीपणाशी जोडलेला आहे, तो टाळून तोच गुण मिळवायचा, हे आमचे काम आहे.

त्यासाठी अतिसूक्ष्म डब्या वापरतात. हॅलोयसाइट ही निसर्गात सापडणारी माती आहे. तिचे पापुद्रे आपोआप गुंडाळले जाऊन सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या नळ्या झालेल्या असतात आणि त्यांच्या पोटात साधारण १५ नॅनोमीटरची पोकळी असते. त्या पोकळीत गंजरोधक द्रव्य भरतात आणि तोंडाला आम्लता बदलली की उघडणारे बूच लावतात. गंज सुरू झाला की त्या जागची आम्लता बदलतेच, कारण ऑक्सिजन जिथे इलेक्ट्रॉन घेतो तिथे पाणी अल्कधर्मी होते. म्हणजे गंजच डबी उघडतो. कल्पना मला आजही मोहवते. मात्र या नळ्यांत बहुतेक वेळा बेन्झोट्रायझोल हे गंजरोधक रसायन भरले जाते, ते निसर्गात लवकर विघटित होत नाही आणि जलचरांना अपायकारक आहे. नळी मातीची म्हणून पर्यावरणपूरक म्हणायचे आणि आतल्या द्रव्याकडे डोळेझाक करायची, हे मला पटत नाही.

दुसरा मार्ग स्तरित द्विहायड्रॉक्साइडांचा. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांच्या हायड्रॉक्साइडचे धनभारित पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटींत ऋण आयन बसतात. क्लोराइड आले की पापुद्रे त्याला आत घेतात आणि बदल्यात गंजरोधक आयन बाहेर सोडतात. गंजाला लागणारे क्लोराइड काढून घेणे आणि औषध देणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. याच कुळातला हायड्रोटॅल्साइट पोटातल्या आम्लपित्तावर औषध म्हणून दिला जातो, त्यामुळे या पदार्थाबद्दल मला इतरांपेक्षा अधिक भरवसा वाटतो.

ग्राफीनबद्दल मात्र सावध राहावे. त्याची अखंड चादर हेलियमलासुद्धा आरपार जाऊ देत नाही, म्हणून त्याच्याकडून फार आशा बाळगल्या गेल्या. पण ते वीज वाहते, आणि लोखंडाच्या किंवा तांब्याच्या शेजारी ते ऋणाग्रासारखे, म्हणजे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या जागेसारखे, वागते. चादरीत एक भोक पडले की त्या भोकातला धातू एरवीपेक्षा वेगाने झिजतो. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी तांब्यावर दाखवून दिले की दीर्घ काळात ग्राफीनचा थर असणे हे काहीच नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते.

अळवाच्या पानावरून पाणी घरंगळते त्या धर्तीचे जलविरोधी थरही पुष्कळ जण करतात. त्यांतील अनेकांत लांब साखळीची फ्लुओरिनयुक्त संयुगे असतात, जी निसर्गात नष्टच होत नाहीत. शिवाय हाताने चार वेळा पुसले की पृष्ठभागाची सूक्ष्म रचना मोडते. कठड्यासाठी तो मार्ग नाही.

सिरियम या दुर्मीळ मृदा मूलद्रव्याचे क्षार अधिक आश्वासक आहेत. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात त्यांवर महत्त्वाचे काम झाले. जिथे पाणी अल्कधर्मी होते नेमके तिथेच सिरियमचे हायड्रॉक्साइड साचते आणि ऑक्सिजनची वाट बंद करते. त्याची विषारीता क्रोमपेक्षा पुष्कळ कमी आहे, परंतु ते खाणीतून काढावे लागते आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या खाणी काही स्वच्छ नसतात.

जुनी शाई (कसबा पेठ)

मी रसायनशास्त्रज्ञ नाही. आमचे घर तांबट आळीजवळ आहे, त्यामुळे लहानपणापासून धातू आणि त्यांची निगा डोळ्यांसमोर होती. नवसागराची पूड टाकून, भांडे तापवून, कापसाच्या बोळ्याने कथलाचा पातळ थर फिरवायचा, ही कल्हई पाहत मी वाढलो. वडील रेल्वेच्या पुलांच्या कामावर होते. त्या काळी पुलांना पहिला हात शेंदराचा, जवसाच्या तेलात खललेला. लोखंड त्याखाली अनेक वर्षे टिके. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हे आम्हाला पुढे कळले. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक चालत नाही, हा नियम झाला तेव्हा मला वडिलांच्या बोटांची आठवण झाली.

विचारायचे ते असे. आमच्या आजोबांच्या दौतीतली शाई हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांची असे. हिरड्याचा काढा लोखंडाच्या विळीवर सांडला की तिथे निळसर काळा डाग पडे आणि त्या डागाखाली गंज धरत नसे, असे आजी सांगायची. यात काही तथ्य आहे का?

प्रयोगवही (पुणे)

आजोबा, आपल्या आजींचे निरीक्षण अगदी बरोबर होते. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. ते गंजातल्या लोहाला धरून फेरिक टॅनेट हे निळे-काळे, न विरघळणारे संयुग बनवते. आपल्या शाईचा रंग तोच. गंज पूर्ण न उतरवता त्याचेच रूपांतर करणारी जी द्रव्ये बाजारात मिळतात, त्यांतील अनेकांत टॅनिन आणि फॉस्फोरिक आम्ल असते. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे हिरडा गोळा करतात, तेव्हा हे द्रव्य आपल्या जिल्ह्यातलेच आहे.

पण यातही मी ठेच खाल्ली आहे. पहिल्या सहा महिन्यांत मी टॅनिन थेट एपॉक्सीत मिसळून थर तयार केले. टॅनिनला पाणी प्रिय असल्याने थर फुगले आणि खारट धुक्याच्या चाचणीत ते नुसत्या एपॉक्सीपेक्षाही आधी उखडले. झिंग्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानचे आणि ऊसाच्या चिपाडातील लिग्निनचे असेच आहे. हे पदार्थ निसर्गाला मित्र आहेत ते पाण्याशी आणि सूक्ष्म जिवांशी त्यांचे जमते म्हणून, आणि गंजरोधक थराला नेमके तेच नको असते. त्यांना बाहेरचा थर म्हणून न वापरता मातीच्या नळ्यांच्या पोटात बंद करून, वरून पाणी न शिरणारी राळ देणे हा मार्ग मी आता धरला आहे. टॅनिन भरलेल्या हॅलोयसाइटचे पहिले नमुने बरे आले आहेत. एका पावसाळ्याआधी त्यांबद्दल अधिक काही म्हणणार नाही.

भातखाचर (मावळ)

वाचनमात्र होतो, पण एक विचारतो. आमच्याकडे इंद्रायणी भात होतो आणि गिरणीत तुसाचे ढीग पडतात. तुसापासून सिलिका मिळते असे ऐकले आहे. ती या कामाला येईल का?

पृष्ठभाग (पाषाण)

जरूर येईल. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा भाग राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. आधी सौम्य आम्लाने धुऊन, ७०० अंशांच्या आत जाळले तर सिलिका अस्फटिक राहते आणि तिचे नॅनोकण करता येतात. त्याहून अधिक तापमानाला ती स्फटिकी होऊ लागते, आणि स्फटिकी सिलिकेची धूळ फुप्फुसाला सिलिकोसिस देते. त्यामुळे भट्टीचे तापमान हा इथे आरोग्याचाही प्रश्न आहे.

सिलिकेचा उपयोग केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या नट-बोल्टवर पूर्वी पिवळे हेक्सा पॅसिव्हेशन असे. आता त्या जागी त्रिसंयुजी क्रोमचे पॅसिव्हेशन देतात आणि त्यात किंवा त्यावरच्या थरात सिलिकेचे नॅनोकण घालतात. ओरखडा पडला की हे कण ओलीतून जस्ताकडे सरकून तिथे साचतात. क्रोमेटची नक्कल करण्याचा हा प्रयत्न बाजारात यशस्वी झाला आहे आणि त्यातला कण वाळूच्याच रसायनाचा आहे.

लोखंडकाम (भोसरी)

सर्वांचा ऋणी आहे. आता व्यवहाराचा प्रश्न. विक्रेते ‘५०० तास सॉल्ट स्प्रे’ असे लिहिलेले कागद दाखवतात. त्यावर किती विश्वास ठेवावा?

पेंटशॉप (चाकण)

ती चाचणी ३५ अंश तापमानाच्या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सतत सोडून करतात. एकाच थराचे दोन घाणे सारखे निघाले की नाही, हे पाहायला ती चांगली आहे. तिच्या तासांवरून पुण्यातल्या वर्षांचा अंदाज बांधता येत नाही. पावसाळ्यात आपला पत्रा भिजतो, वाळतो, उन्हात तापतो, पुन्हा भिजतो. पेटीत तो कधी वाळतच नाही. जस्ताला तर वाळण्याच्या काळातच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने संरक्षक पापुद्रा मिळतो, तो पेटीत मिळत नाही. आम्ही भिजणे-वाळणे आलटून पालटून होणारी चाचणी करतो. कागद पाहताना इतके विचारा: नमुन्यावर धातूपर्यंत फुली मारली होती का, फुलीपासून गंज किती मिलिमीटर सरकला, आणि नमुना तुमच्या पाण्याने धुतला होता की त्यांच्या.

पृष्ठभाग (पाषाण)

यात एक भर. सोय असेल तर प्रतिबाधेची चाचणी करून घ्यावी. थरावर अत्यल्प प्रत्यावर्ती दाब देऊन अगदी कमी वारंवारतेला, साधारण ०.०१ हर्ट्झला, विरोध मोजतात. तो एका चौरस सेंटिमीटरला दहा लाख ओहमच्या खाली गेला असेल तर डोळ्यांना काही दिसत नसले तरी थर निकामी होऊ लागला आहे, असे समजावे. शंभर कोटींच्या वर असेल तर निश्चिंत राहावे.

नदीकाठ (दापोडी)

माझा आग्रह सांडपाण्यासाठी. झिर्कोनियमच्या टाकीत फॉस्फेट नाही म्हणजे नदीत जलपर्णी पोसणारे खत जाणार नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यात फ्लुओराइड आहे. ते धुण्याच्या पाण्याबरोबर तसेच गटारात जाऊ नये.

पृष्ठभाग (पाषाण)

ताईंचे म्हणणे रास्त आहे. धुण्याच्या पाण्यात चुनकळी घालून आम्लता मोडली की फ्लुओराइड कॅल्शियम फ्लुओराइडच्या रूपाने खाली बसते आणि झिर्कोनियमही त्याच्याबरोबर साचते. तो गाळ फॉस्फेटच्या गाळापेक्षा पुष्कळ कमी असतो, पण तो असतो. ‘गाळ नाही’ असे सांगणाऱ्याला हे विचारावे.

लोखंडकाम (भोसरी)

मंडळी, मधल्या काळात केलेले काम कळवतो.

पाण्यातले क्षार काढणारे यंत्र बसवले आहे. शेवटच्या धुण्याच्या ठिबकीची वाहकता आता ४० च्या आसपास येते आणि मुले दर दोन तासांनी वहीत आकडा लिहितात. पाइपांच्या टोकांना पाणी निथळण्यासाठी भोके पाडायला फॅब्रिकेटरांना सांगितले आहे. दोघांनी नकार दिला, बाकीच्यांनी मान्य केले. वेल्डच्या जागा टाकीत जाण्याआधी घासून घेतो. घासणाऱ्यांसाठी मुखवटे आणले आहेत आणि ते वापरले जातात की नाही हे मी स्वतः पाहतो. क्रोमची टाकी रिकामी करून तिचे द्रावण अधिकृत विल्हेवाटीसाठी पाठवले. चुनकळीची कुंडी बांधून झाली आहे. ताई, ती पाहायला आपण अवश्य यावे.

विक्रेत्याकडून सुरक्षितता पत्रक लेखी मागून घेतले. टाकीत फ्लुओरोझिर्कोनिक आम्ल आणि किंचित तांबे आहे, म्हणजे पृष्ठभाग यांचा अंदाज खरा ठरला.

एकाच पत्र्यातून कापलेले २४ तुकडे घेतले. आठ जुन्या फॉस्फेटवर, आठ नव्या द्रावणावर पण बोअरच्या धुण्याने, आणि आठ नव्या द्रावणावर शुद्ध पाण्याच्या धुण्याने. सर्वांवर एकच पावडर, एकाच दिवशी, एकाच भट्टीत. प्रत्येकावर धातूपर्यंत फुली मारली आहे. प्रत्येक प्रकारचे चार तुकडे युनिटच्या गच्चीवर तिरपे लावले आहेत आणि चार कोकणात दापोलीला, मेहुण्यांच्या घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर. प्रयोगवही यांनी आपल्या हॅलोयसाइटच्या थराचे दोन तुकडे दिले, तेही त्यांच्याशेजारी लावले आहेत. मेहुणे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पट्टी धरून फोटो काढणार आहेत. जूनपासूनचे आकडे मी याच धाग्यावर टाकत जाईन, ते माझ्या नव्या टाकीच्या विरोधात गेले तरीही.

जुनी शाई (कसबा पेठ)

एक पत्रा हिरड्याच्या काढ्याचाही लावा. काढा मी करून देतो.

लोखंडकाम (भोसरी)

रविवारी सकाळी घ्यायला येतो, काका. गंजलेला पत्रा सोबत आणतो.